इंटेग्राले 8व्ही की एव्हो? आधी टॉप-अप लोनचा फॉर्म बाजूला ठेवा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रांजणगावच्या फियाट प्लांटमधून तीन वर्षांपूर्वी तुरिनला गेलात, आता लान्चिया डेल्टा इंटेग्राले ही जुनी इटालियन रॅली गाडी घ्यायचीय. 1988 ची 8व्ही (आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाची) 42 हजार युरोला, 1992 ची एव्होल्युझिओने, म्हणजे एव्हो, 85 हजारांना, आणि कल एव्होकडे. बचत 45 हजार युरो, उरलेले 40 हजार पुण्याच्या फ्लॅटच्या होमलोनवर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, काढून. आणि जाता जाता लिहिलंय की बँकेला परदेशात आल्याचं कळवलंच नाही, जुनं सेव्हिंग खातं तसंच चालू आहे.

गाडी राहू द्या, आधी हे निस्तरा. एनआरआय झाल्यावर साधं सेव्हिंग खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, करावं लागतं, हा फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) नियम आहे. आणि एनआरआयला भारतात मिळालेलं रुपयातलं कर्ज बाहेर पाठवता येत नाही, म्हणजे तो टॉप-अप तुरिनला पोचणारच नाही, पोचवलात तर अडचणीत याल. युरो शंभरचा धरला तर 40 लाख, 9 टक्के, 15 वर्षं, हप्ता 40 हजारांच्या वर, एकूण फेड 73 लाखांच्या आसपास. गाडीसाठी!

दुसरं. पत्रात लिहिलेली ती 'गॅरंटीड' विमा पॉलिसी. वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 45 लाख. एजंट म्हणाला जवळपास दुप्पट. अहो, हिशोब केला तर वर्षाला 4 टक्केही धड पडत नाहीत. कव्हर फक्त 25 लाख, डोक्यावर होमलोन 60 लाख, मुलगी चार वर्षांची. ही पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याने तुम्हाला टर्म इन्शुरन्सबद्दल एक शब्द सांगितला नाही, याचा मला खरंच राग येतो. आधी दीड-दोन कोटींचा टर्म, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या, तो हातात आल्यावर कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे ही पॉलिसी आता मोडली तर किती परत मिळतील, ते लेखी मागवा, दोनच हप्ते गेलेत.

आता गाडी. एव्हो रुंद, पाच नटांची चाकं, 210 हॉर्सपॉवर. 8व्ही चार नटांची, 185. 1987 ते 92 वर्ल्ड रॅलीची कार कंपन्यांसाठीची सलग सहा टायटल्स लान्चियाने डेल्टावर जिंकली, त्यामुळे ओढ मला कळते. पण 'पाच वर्षांत एव्होचे दुप्पट होतील' हे तुम्ही लिहिलंत ते कुठल्या आधारावर? आजवरची वाढ आधीच्या मालकांनी खाल्ली, ती तुमच्या 85 हजारांत धरलेलीच आहे. घ्यायचीच तर 8व्ही, आणि पुढच्या वर्षी, कारण आज 42 दिलेत तर हातात 3 हजार उरतात. सहा महिन्यांच्या घरखर्चाचे 15 हजार बाजूला पडू देत, मग बघायला जा. विंडस्क्रीनच्या खालच्या कडेला बोट दाबून गंज बघा, टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा, बिल नसेल तर तो खर्च किमतीतून कापून घ्या.

खातं एनआरओ झालं की कळवा, फ्लॅटचं भाडं कुठल्या खात्यात येतंय तेही लिहा, टॅक्सचं त्यानंतर बोलू.