गवत कापायच्या ट्रॅक्टरवर बसण्याआधी

अरे, चावी फिरवण्याआधी हिरवळीवरून एक चक्कर पायी मार. आपल्या गोव्यात माडाखाली नारळाची सोडणं (सालं), झावळ्या, चिऱ्याचे तुकडे हमखास पडलेले असतात. पात्यात खडा सापडला की गोळीसारखा सुटतो. उतारावर सरळ वर-खाली चालव, आडवा नको. 15 अंशांहून जास्त चढ असेल तर तिथं खांद्यावरचा ग्रास कटरच बरा. ओलं गवत सोडून दे, मॅनेजर काहीही म्हणो. रिव्हर्स घेताना पाती बंद, नजर मागे. गवत अडकलं? इंजिन बंद, चावी खिशात, स्पार्क प्लगची वायर काढ, मगच काठीनं ढकल. आणि सीटखालचा स्विच तारेनं बांधून ठेवणाऱ्यांचं ऐकू नकोस. तू खाली पडलास तर इंजिन बंद करणारा तोच.