पांढरा पडलेला बंपर आणि त्यामागचा पत्रा

पाऊस ओसरला की माझ्या फोनवर एकच फोटो येऊ लागतो: कधीकाळी काळा असलेला, आता राखेसारखा झालेला बंपर, नाहीतर चाकाच्या कमानीवरची काळी प्लास्टिकची पट्टी. प्रश्नही बहुतेक तेच असतात, म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देतो.

खाऱ्या वाऱ्याने प्लास्टिक पांढरं पडतं का? (गुहागर)

नाही, उन्हाने. हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकचे असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा पापुद्रा तुटून भुकटीसारखा होतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. मिठाचा थर नुसत्या पाण्यानेही निघतो, हा निघत नाही.

खोबरेल तेल चालेल? शेजारी डिझेलचा फडका मारतात. (दापोली)

दोन्ही नको. तेल दोन दिवस चमकतं आणि मग धूळ धरतं. डिझेलने रबर फुगतं. काचेभोवतीची रबरं गेली की पावसात गाडीत पाणी येतं.

हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवली की प्लास्टिक पुन्हा काळं होतं असा व्हिडिओ पाहिला. घरी करू का? (चिपळूण)

करू नका. काळं होतं हे खरं, पण व्हिडिओवाला सहा महिन्यांनंतरची गाडी दाखवत नाही. ऊन तेच, प्लास्टिक तेच, पांढरेपणा परत येतो. पॉलिप्रॉपिलिन साधारण 160 अंशांना वितळतं आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी वर जाते. हात क्षणभर एका जागी थांबला की पट्टीला लाट येते, शेजारच्या रंगाला फोड येतात. लाट आलेली पट्टी सरळ होत नाही, बदलावीच लागते.

वॉशिंग सेंटरवाला 'सिरॅमिक' कोटिंग (संरक्षक थर) लावून पाच वर्षांची हमी देतोय. घ्यावं का? (अलिबाग)

हमी बिलावर लिहून मागा, तिथेच निम्मं कळेल. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. ती रंग न दिलेल्या प्लास्टिकसाठीच आहे ना, तेही वाचा. लावण्याआधी प्लास्टिक धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडं करावं लागतं. धुतल्यावर दहा मिनिटांत 'सिरॅमिक' लावून देणारा माणूस सिलिकॉनचं पॉलिश फासतोय, असं समजा. आपल्याकडच्या पहिल्या चार सरींत ते वाहून जातं. चांगलं कोटिंगही कायमचं नसतं. आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून घ्या, दोन-तीनदा गाडी धुऊन पाहा, मग ठरवा.

चाकावरची पट्टी काळी करून घेतली, तर आता तिच्याखालून तांबडे ओघळ स्पष्ट दिसतात. गाडी सहा वर्षांची आहे. ओघळ झाकायला काय लावू? (मालवण)

काहीही लावू नका. माझं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. लोक प्लास्टिकवर पैसे घालतात आणि त्यामागचा पत्रा सडत राहतो.

आधी ओघळ कसला आहे ते बघा. जांभ्याची माती असेल तर पाण्याने जाते आणि पुन्हा मातीच्या रस्त्यावर गेल्यावरच दिसते. धुऊन गाडी घरीच उभी ठेवली आणि तरीही त्याच जागेवरून ओघळ आला, तर तो गंज आहे.

पट्टी क्लिपांवर बसवलेली असते आणि त्या क्लिपांसाठी पत्र्याला भोकं असतात. पट्टीच्या मागे चिखल आणि वाळू साठते. गाडीच्या हादऱ्यांनी प्लास्टिकची कड त्या वाळूसकट रंगावर घासत राहते, म्हणजे सँडपेपरच. पत्रा उघडा पडला की मीठ पुढचं काम करतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे मार्चच्या उन्हात गाडी वरून कोरडी ठणठणीत असली तरी पट्टीमागचा चिखल दमट असतो. किनाऱ्यावर, ओल्या वाळूत गाडी घालणाऱ्यांना हात जोडून सांगतो: लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. घातलीच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांच्या वरची पोकळी आणि गाडीचा तळ धुवा.

तुम्ही या आठवड्यातच डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा आणि पट्टी उतरवून घ्या. स्वतः ओढू नका. क्लिपा तुटतात, आणि बंपरमध्ये सेन्सरच्या वायरी असू शकतात. गंज पत्रा चमकेपर्यंत घासायचा, मग प्रायमर, रंग, आतून गंजरोधक मेण आणि नव्या क्लिपा. गंजावरच काळं अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारतात तो जाड थर) मारून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. त्याने गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. पत्र्याला भोक पडलं असेल तर वेल्डिंगचा निर्णय पत्रा पाहिल्याशिवाय कोणीच देऊ नये, मीही देणार नाही.

वायपरखालची काळी जाळी कशाने चमकवू? गाडी सुरूच्या बनाशेजारी असते. (मुरुड)

चमक नंतर. आधी जाळीतल्या सुरूच्या काड्या काढा. पाणी जायची भोकं तुंबली की ते गाडीत उतरतं. पायाखालचं मॅट ओलं असेल तर गॅरेजमध्ये दाखवा. तिथे पॉलिश लावलंच तर काचेवर जाऊ देऊ नका. पावसात वायपर ते काचभर पसरवतो.

सरळ काळा स्प्रे मारला तर? (सावंतवाडी)

पॉलिप्रॉपिलिनवर रंग धरत नाही, पोपडे निघतात. प्लास्टिकचा खास प्रायमर वापरणारा पेंटर गाठा, आणि त्याआधी नव्या पट्टीची किंमत विचारा.