पाचव्या अक्षरानंतर थांबू नका

तुम्ही विचारलंय: टेक सपोर्टमध्ये नवीन लागलोय, ग्राहक परदेशातले आहेत. पत्ता पडताळताना एखाद्या गावाचं नाव ऐकून हसू फुटतं किंवा ते उच्चारायचीच लाज वाटते. अशा वेळी काय करायचं?

मी सहा वर्षं राउटर आणि मोडेमच्या तक्रारी फोनवर घेतल्या. हसू येणारच, ते दाबायच्या मागे लागू नका. त्याआधी समोरचा माणूस कसा आहे ते ओळखा. काहींना आपल्या गावाच्या नावाचं बाहेर काय होतं ते लहानपणापासून ठाऊक असतं. काहींना त्याची कल्पनाही नसते. पहिल्यांच्या बरोबर मनसोक्त हसता येतं, पण सुरुवात त्यांनी करायची. दुसऱ्यांसमोर मात्र अजिबात नाही.

पहिल्या प्रकारातली माझी सगळ्यात लाडकी ग्राहक म्हणजे पेनिस्टनच्या एक आजी. पेनिस्टन हे इंग्लंडमधल्या साउथ यॉर्कशायरमधलं छोटं शहर. नाव इंग्रजीत कागदावर लिहून बघा, अडचण लगेच दिसेल. आजींना नवा राउटर मागवायचा होता आणि वेबसाइटवरचा फॉर्म त्यांचा पत्ताच घेईना. शहराचं नाव टाकलं की लाल अक्षरांत ‘कृपया सभ्य भाषा वापरा’ असं यायचं. चार वेळा आलं. मी स्पेलिंग विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सांगते. हवा तिथे श्वास घ्या, फक्त पाचव्या अक्षरानंतर थांबू नका.” दोन सेकंद शांतता, आणि मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचा सहकारी हेडफोन काढून बघायला लागला.

यात चूक आजींची नव्हती, शहराचीही नव्हती. फॉर्ममागची चाळणी अक्षरांची एक ओळ शोधते. ती अख्खा शब्द आहे की लांब नावाच्या पोटात आलेला तुकडा, हे तिला कळत नाही. संगणकाच्या जगात या दुखण्याला स्कन्थॉर्पचं नाव मिळालंय. 1996 मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या चाळणीने इंग्लंडमधल्या त्या शहराच्या रहिवाशांना खातं उघडू दिलं नव्हतं. त्यावर एओएलने चाळणी सुधारायचं सोडून आपल्यापुरतं शहराचं नावच ‘स्कॉन्थॉर्प’ करून टाकलं! इतक्या वर्षांनीही हे थांबलेलं नाही. 2021 मध्ये फ्रान्समधल्या बीच या शहराचं अधिकृत पान फेसबुकने काढून टाकलं होतं, कारण फ्रेंच स्पेलिंगमध्ये इंग्रजीतली शिवी दिसते. नंतर ते परत आलं. मला याचा मनापासून राग येतो. पत्त्याच्या रकान्यात शिव्यांची चाळणी लावायचं कारणच काय? तिथे पिनकोडशी नाव जुळतंय का एवढं तपासलं तरी पुरतं.

आजींच्या बाबतीत आमच्या एकाने शक्कल लढवली. चाळणीला चकवायला त्याने चौथ्या अक्षरानंतर मोकळी जागा सोडली. फॉर्म गेला, पण पाकिटावर शहराचं नाव ‘पेनी स्टोन’ असं छापून आलं. पोस्टकोड बरोबर होता म्हणून राउटर पोचला.

आता दुसरा प्रकार. स्वीडनमध्ये लुंड नावाचं शहर आहे. तिथलं विद्यापीठ 1666 सालचं. हे नाव इंग्रजी स्पेलिंगवरून आपण जसं वाचतो तशी ती आपल्याकडची शिवी होते. कोणती ते लिहायची गरज नाही. आमच्या एका नवीन मुलीला तिथल्या गृहस्थांचा फोन आला. लाइन खराब होती, त्यामुळे शहराचं नाव तिला तीनदा मोठ्याने म्हणून खात्री करावी लागली. पहिल्या वेळी आमची ओळ गप्प झाली, दुसऱ्या वेळी पलीकडची ओळ, तिसऱ्या वेळी सगळा मजला खुर्च्यांखाली. त्या बिचाऱ्या गृहस्थांना वाटलं लाइन कटली. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ आहे राई, झाडांचा लहानसा पुंजका. किती सुंदर नाव आहे! त्या दिवसापासून ते नाव ऐकलं की मला झाडंच आठवतात. तुम्हीही एखाद्या नावावर अडखळलात तर त्याचा अर्थ शोधा. हसू जातं असं नाही, पण आवाज सरळ राहतो.

कधी कधी हसणाऱ्यांचा जाच इतका वाढतो की गावच हात टेकतं. ऑस्ट्रियातल्या एका खेड्याचं नाव इंग्रजी वाचणाऱ्यांना थेट शिवी वाटायचं. तिथले लोक त्याचा उच्चार ‘फूकिंग’ असा करत. पर्यटक पाट्या चोरून न्यायचे, पाटीशेजारी फोटो काढायचे. शेवटी 1 जानेवारी 2021 पासून नाव ‘फुगिंग’ झालं. शेकडो वर्षांचं नाव परक्यांच्या हसण्यापायी गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

कामाचं म्हणाल तर स्पेलिंग घेताना वैमानिकांची अक्षरमाला वापरा. ‘एन फॉर नॉटी’ असले स्वतःचे शब्द जोडू नका, त्यातूनच नवे घोटाळे होतात. पापा, एको, नोव्हेंबर, इंडिया, सिएरा, टँगो, ऑस्कर, नोव्हेंबर, एको: हे झालं पेनिस्टन, आणि या नऊ शब्दांत कुणालाही कुठेही थांबता येतं. नंतर नाव एकदाच, नेहमीच्या आवाजात, परत म्हणून दाखवा. फारच उमाळा आला तर दोन सेकंद म्यूट चालेल. जास्त वेळ नको, ग्राहकाला फोन बंद पडल्यासारखं वाटतं.

आणि तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, नाव पूर्ण लिहा. आजींच्या तिकिटात आधीच्या कुणीतरी लाजून शहराच्या जागी चांदण्या टाकल्या होत्या. त्यामुळे मला सगळं पुन्हा विचारावं लागलं. स्पेलिंग सांगायची ती त्यांची त्या दिवसातली तिसरी वेळ होती.