बेंदराचे प्रेम आणि कडब्याचा हिशेब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जनावरांविषयी आहेत आणि तिन्ही सीमाभागातील आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण तशा अर्थाची पत्रे आमच्याकडे दर बेंदरानंतर, म्हणजे बैलांच्या सणानंतर, येतात.

प्रश्न : आमचे गाव निपाणीजवळ आहे. मी आणि धाकटा भाऊ नोकरीसाठी बेळगावात राहतो. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घेतला, तरी खिलारी जोडी ठेवली होती. गेल्या वर्षी जोडीतला एक बैल गेला. राहिलेला १७ वर्षांचा आहे आणि त्याच्याकडून कसलेच काम होत नाही. वैरणीचा खर्च आणि वडिलांचे वय पाहता तो काढावा, असे आम्हा भावांचे मत आहे. वडील मात्र हा विषय निघाला की ताटावरून उठतात. आमचे चुकते आहे का?

उत्तर : तुमचा हिशेब चुकीचा नाही, पण तो अर्धाच मांडलेला आहे. ‘जनावर काढणे’ म्हणजे ते बाजारात उभे करणे, आणि १७ वर्षांच्या बैलाला कामासाठी गिऱ्हाईक मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असणार. कर्नाटकात १९६४ च्या जुन्या कायद्याने १२ वर्षांवरील बैलाच्या कत्तलीला दाखल्यानिशी मुभा होती. २०२१ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ती राहिलेली नाही, मग बैल कितीही म्हातारा असो. हा कायदा शेतकऱ्याला परवडणारा आहे का, यावर गावोगाव दोन मते आहेत आणि त्या वादात येथे शिरत नाही. एवढे मात्र खरे की तुमच्या बैलाला कामासाठी घेणारा कोणी नाही आणि दुसऱ्या कामासाठी विकणे हा गुन्हा आहे. तरीही बाजारात कोणी दावे हातात घेतलेच, तर तो बैल कोठे नेणार, हे विचारायचे धाडस तुमच्यापैकी कोण करणार? वडील ताटावरून उठतात ते बहुधा याच प्रश्नामुळे.

जोडीतला एक बैल गेल्यावर दुसऱ्याचे काय होते, ते मी माझ्या मामांच्या गोठ्यात पाहिले आहे. त्यांचा बैल आयुष्यभर जुवाच्या डाव्या अंगाला चालला. जोडीदार गेल्यानंतर मामा त्याला एकट्याला ओढ्यावर पाण्याला नेत, तेव्हा तो मोकळ्या वाटेवरही डाव्या कडेनेच चाले आणि उजवीकडे एका बैलाची जागा सोडी. गव्हाणीतही तो आपल्या अर्ध्यातच तोंड घाली. उरलेल्या अर्ध्यातली वैरण मामांना हाताने त्याच्यापुढे सरकवावी लागे. त्या वर्षी मामांनी गव्हाण नव्याने बांधली आणि ती एकाच जनावराच्या मापाची केली. तुमच्या वडिलांनी अजून तसे काही केले नसेल, तर ते त्यांना सुचवून पाहा.

आता व्यवहाराचे बोलू. म्हाताऱ्या बैलाच्या दाढा झिजलेल्या असतात, त्यामुळे अख्खा कडबा पुढे टाकला तर निम्मा पायाखाली जातो आणि ‘खातच नाही’ अशी तक्रार होते. कडबा कुट्टी करून, थोडे पाणी शिंपडून, मूठभर पेंड किंवा कोंडा मिसळून द्यावा. नांगर सुटल्यावर खुरांची झीज थांबते आणि ती वाढत जातात, म्हणून ती वेळोवेळी कापून घ्यावीत, नाहीतर जनावर लंगडते आणि बसले की उठत नाही. शिंगाच्या बुडाशी सूज दिसली, एका नाकपुडीतून रक्त किंवा घाण वास येणारा स्राव आला, बैल मान एका बाजूला कलती धरू लागला, तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावे. शिंगाचा कर्करोग वयस्क बैलांमध्ये आढळतो आणि लवकर कळला तर शस्त्रक्रिया करता येते. वेसणीची आता गरज नसेल, तर ती काढून टाकण्याबद्दल वडिलांशी बोला. हा सल्ला ऐकून ते कदाचित प्रथमच तुमच्याकडे मान वर करून पाहतील.

राहिला खर्च. असा बैल दिवसाला साधारण ७-८ किलो कोरडी वैरण खातो, म्हणजे वर्षाला अडीच-तीन टन. त्याच्या शेणाचे खत शेताला मिळते. ते त्या रकमेतून वजा करावे, पण त्याने तोंडमिळवणी होईल अशा भ्रमात राहू नये. उरलेला बोजा आज एकट्या वडिलांवर आहे. सीमेवर राहण्याची एक गंमत अशी की आपल्या भागात ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, असे दोन्ही सण भेटतात. एका गावी एक, तर शेजारच्या गावी दुसरा. त्या दिवशी शहरातली मुले गावी येतात, खांदमळणीला हात लावतात, शिंगांना रंग देतात, झूल घातलेल्या बैलाबरोबर फोटो काढतात आणि पुरणपोळी खाऊन संध्याकाळच्या बसने परततात. माझे स्पष्ट मत असे की ज्याला बेंदराचा फोटो हवा, त्याने वर्षाच्या कडब्यात वाटा उचलावा. तुम्ही दोघे भाऊ सुगीच्या वेळी, कडबा स्वस्त असताना, निम्मी निम्मी गंज विकत घेऊन गोठ्यापाशी रचून द्या, आणि सकाळ-संध्याकाळ शेण काढायला गावातलाच एखादा गडी ठरवून द्या. एवढे झाल्यावरही वडिलांना झेपले नाही, तर बैल काढण्याविषयी ते स्वतःच बोलतील, आणि तेव्हा आसपासच्या एखाद्या गोशाळेत स्वतः जाऊन, तेथील दावणीची जनावरे डोळ्यांनी पाहून मगच ठरवा.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात दोनदा मण्यार निघाली आणि दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी ती मारली. त्याच घरात आम्ही नागपंचमीला मातीचा नाग पुजला. वर्गातील एका मुलीने विचारले, ‘बाई, नाग देव आणि मण्यार कोण?’ मला उत्तर सुचले नाही. वारुळावर दूध ओतावे की नाही, हेही सांगावे.

उत्तर : दुधाचे आधी. साप दुधावर जगत नाही. तहानलेला असला तर पुढ्यात येईल ते पितो, इतकेच. वारूळ मुळात वाळवीने बांधलेले असते आणि नाग तेथे केवळ भाडेकरू असतो. ओतलेल्या दुधाने मुंग्या जमतात, बाकी काही होत नाही. या सणातला मला मोलाचा वाटणारा भाग निराळा आहे: त्या दिवशी खणू नये, नांगरू नये, चिरू नये, हा आपल्या आज्यांचा दंडक. श्रावणात बिळांत पाणी शिरून साप वर आलेले असतात आणि नागाची पिलेही याच दिवसांत बाहेर पडलेली असतात.

मण्यारीबाबत मात्र सावध राहावेच लागेल. ती रात्री उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागावर घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची खूण कित्येकदा दिसत नाही आणि फारसे दुखतही नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरातले लोक ‘रात्रीचे जेवण बाधले’ म्हणून ओव्याचे पाणी देत बसतात. पावसाळ्यात अशी लक्षणे दिसली की ओवा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. दोरी आवळू नये, जखम चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश हा अधिसूचित आजार ठरवला असून रुग्णालयांना प्रत्येक दंशाची नोंद कळवावी लागते.

घरात खाटेवर झोपावे, मच्छरदाणीची कड गादीखाली खोवावी, सरपण भिंतीला लावून रचू नये, दाराखालची फट बुजवावी. साप दिसलाच तर दुरून नजर ठेवून सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे. मारायला जाणे वन्यजीव कायद्यानेही चूक आहे आणि दंश होण्याचा धोकाही त्यातच अधिक असतो. शिवाय ‘मण्यार’ म्हणून मारलेला साप पुष्कळदा बिनविषारी कवड्या असतो: कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे नेमके उलट. हा फरक जवळ जाऊन तपासायचा नाही, हे सांगायला नकोच.

त्या मुलीला सांगा की पाटावरचा मातीचा नाग मण्यारीच्या वतीनेही बसलेला असतो. प्रश्न फार चांगला विचारला, हेही तिला सांगा.

प्रश्न : माझे सासरे दर शनिवारी जांबोटी-चोर्ला रस्त्यावर गाडी थांबवून माकडांना केळी घालतात. हे पुण्य आहे, असे ते म्हणतात. मुले बरोबर असतात, म्हणून मला भीती वाटते. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : भीती रास्त आहे. आपल्याकडे ज्यांना केलडी म्हणतात, ती माकडे गाडी थांबण्याशी खाणे जोडायला फार लवकर शिकतात, आणि मग पिलाला पोटाशी धरून वळणावर डांबरावर येऊन बसतात. पुढची गाडी थांबणारी नसते. जंगलात दिवसभर पाला, फळे, किडे शोधण्यात जाणारा त्यांचा वेळ मोकळा झाला की ती भांडतात, माणसाच्या हातातली पिशवी ओढतात, चावतात. त्या रस्त्याला लागून भीमगडचे अभयारण्य आहे, तेथे त्यांच्या खाण्याची सोय आपल्याशिवाय होत आलेली आहे.

दुसरी गोष्ट माकडतापाची. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखलेला हा आजार गोचिडांमुळे होतो आणि तो पुढे घाटाच्या कडेने गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गापर्यंत पोचला आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत त्याचा जोर असतो. मेलेले माकड दिसले तर मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

सासऱ्यांशी पुण्याचा वाद घालू नका, त्यात सून कधी जिंकत नाही. शनिवारचा नेम त्यांना मोडायचा नसेल, तर केळी मारुतीच्या देवळात ठेवावीत आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांना प्रसाद म्हणून त्यांच्याच हातून वाटावीत. साली मात्र पिशवीत घालून घरी आणाव्यात.