चित्रांतून अमेरिकेचा इतिहास: सुरुवात कुठून करावी

एकदम ढीगभर चित्रं जमवू नका. दोन-तीनच घ्या, पण निवांत बघा.

आधी दोन तारखा लिहा: प्रसंग कधीचा, चित्र कधीचं. चित्रकार लॉइट्झचं, डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचं चित्र घ्या. प्रसंग अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला, १७७६ च्या नाताळच्या रात्रीचा. चित्र १८५१ चं, तेही जर्मनीत काढलेलं. होडीत तारे-पट्ट्यांचा झेंडा दिसतो ना? तो स्वीकारला गेला जून १७७७ मध्ये! पण तेवढ्यानं चित्र टाकाऊ ठरत नाही. पुढच्या पिढीला वॉशिंग्टन कसा हवा होता, ते त्यात कळतं.

नवखे हमखास फसतात ते चित्रकार ट्रंबुलपाशी. त्याच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या चित्रात सह्या होत नाहीयेत, मसुदा सादर होतोय.

व्यक्तिचित्रात चेहऱ्याआधी कपडे आणि टेबल बघा. चित्रकार स्टुअर्टच्या १७९६ च्या चित्रात सेनापती वॉशिंग्टन गणवेशात नाही, काळ्या नागरी पोशाखात आहे. का, ते शोधा.

शैली-बिली नंतर.