कास सोडा, काटेसावरीखाली बसा

"नवी दुर्बीण घेऊन फेब्रुवारीत दोनदा कासला गेलो, टिटव्या सोडल्या तर काय दिसलं नाही, आणि घराच्या मागं दिवसभर टुक टुक वाजतंय पण पक्षी घावत नाही" असं लिहिलंय तुम्ही. अहो दादा, कास सप्टेंबरात फुलांसाठी, आता तिथं वाळलं गवत आणि वारा. या दिवसांत निम्मे पक्षी फुलातल्या रसामागं असतात, त्यामुळं एक फुललेली काटेसावर नाहीतर पळस, पांगारा गाठायचा आणि तासभर गप बसायचं. मी साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वर घाटाच्या खालच्या अंगाला सकाळी सातला जातो, ऊन पाठीवर येईल असा बसतो. मैना, बुलबुल, कोतवाल तर येतातच, हळद्याही येतो, आणि शिंजीर (चिमणीहून लहान, रस पिणारा पक्षी) नर आता काळाजांभळा चमकायला लागलेला असतो (पावसाळा सरला की तो मादीसारखा मळकट होतो, फक्त गळ्यावर काळी रेघ, मी कित्येक वर्षं त्याला वेगळाच पक्षी समजत होतो). भोरड्यांचा थवा उतरला तर मग बघायलाच नको, गुलाबी अंग, काळं डोकं, आणि तोंड परागानं पिवळं. या मध्य आशियाकडनं येतात, एप्रिलात परत. खटाव माण तालुक्यांकडं शाळूच्या रानात त्या दाणे खातात म्हणून यांच्यामागं गोफण घेऊन पळायला लागतं, तिथं कौतुक सांगू नका.

दुर्बीण ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असेल तर बेस्ट, १० बाय ५० वाली असेल तर हात हलतो, कोपरं गुडघ्यावर टेका.

टुक टुक करतोय तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल. ओरडताना मान इकडंतिकडं फिरवतो म्हणून आवाज कुठनं येतोय कळत नाही, पानांत शोधू नका, शेंड्याची वाळकी फांदी बघा. आणि ती फांदी तोडू नका, त्यातच भोक पाडून तो घरटं करतो. मी एकदा शेवग्याची वाळकी फांदी साफसफाई म्हणून उतरवली, खाली पडल्यावर गोल भोक दिसलं, आत दोन पांढरी अंडी, फुटलेली. यंदा परत एक फांदी वाळलीय, बायको म्हणते पत्र्यावर पडंल, तोडा, मी म्हणतो मे संपू दे.