लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्डचा अर्ज केलाय, एपी (अॅडव्हान्स परोल, म्हणजे अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) अजून आलेलं नाही. भावाच्या लग्नाला पुण्याला जाऊन येऊ का?

तुमची परिस्थिती अशी आहे असं धरू: तुम्ही एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आहात, नवरा अमेरिकन नागरिक आहे, आय-130 (नवऱ्याने तुमच्यासाठी करायचा अर्ज) आणि आय-485 (ग्रीन कार्डचा तुमचा अर्ज) एकत्र भरलेत, आय-131 ची (एपीच्या अर्जाची) नुसती पावती हातात आहे. अशा वेळी अमेरिका सोडू नका. पासपोर्टातला एफ-1 व्हिसाचा स्टॅम्प अजून चालू असला तरीही नाही.

नियम असा आहे की आय-485 प्रलंबित असताना एपी मंजूर होण्याआधी तुम्ही देशाबाहेर गेलात की तो अर्ज तुम्ही सोडून दिला असं धरलं जातं. आय-131 ची पावती म्हणजे एपी नव्हे. 'मी गेल्यावर मंजूर होईल, मग नवरा कुरियर करेल' हा बेत बरेच जण करतात आणि तिथेच केस बुडते, कारण मंजुरी विमान सुटण्याआधीची लागते. मंजुरीआधी निघालात तर आय-131 सुद्धा सोडून दिल्याचं धरून नाकारतात. विद्यार्थी व्हिसावर परत यायचा प्रयत्न तर आणखी वाईट. एफ-1 ला मायदेशी परतायचा इरादा दाखवावा लागतो आणि तुम्ही तर कायम राहायचा अर्ज करून बसला आहात.

सूट आहे ती मुख्यतः एच-1बी, एल-1 या नोकरीच्या व्हिसावाल्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-4, एल-2 वाल्यांना. ते वैध व्हिसावर जाऊन त्याच दर्जात परत येऊ शकतात, आय-485 ला धक्का लागत नाही. मात्र पासपोर्टातला स्टॅम्प संपला असेल तर भारतात नवा घ्यावा लागतो आणि मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत तिथेच अडकून पडायची तयारी लागते. एच-1बी मैत्रिणीचा 'मी तर आरामात जाऊन आले' हा अनुभव खरा असेल, पण तो तुम्हाला लागू नाही.

आता तुम्ही काय करायचं. आय-131 भरलेलं आहे हे चांगलं. ज्यांनी भरलेलं नाही त्यांनी आय-485 च्या पावतीची प्रत जोडून ते आत्ताही भरावं. 1 एप्रिल 2024 पासून त्याची 630 डॉलर फी वेगळी लागते, आय-485 च्या 1440 डॉलरमध्ये ती धरलेली नसते. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीपासून कागदी अर्जासोबत चेक घेत नाहीत, त्यामुळे कार्डाने भरायला जी-1450 किंवा बँक खात्यातून भरायला जी-1650 हा फॉर्म जोडा. चेक पाठवला तर अख्खं पाकीट परत येतं आणि आठवडे वाया जातात.

लवकर निकालासाठी एक्स्पिडाइटची, म्हणजे अर्ज प्राधान्याने हाताळण्याची, विनंती करता येते. नुसत्या सुट्टीसाठी ती सहसा मान्य होत नाही. पण ठरलेल्या तारखेचा महत्त्वाचा कौटुंबिक प्रसंग असेल आणि अर्ज वेळेत केलेला असेल तर विचार होऊ शकतो. लग्नपत्रिका, कार्यालयाच्या बुकिंगची पावती, नातं दाखवणारे जन्मदाखले जोडा. मराठीतला प्रत्येक कागद इंग्रजी भाषांतरासह द्या आणि भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र लावा. घरी कोणी गंभीर आजारी असेल किंवा मृत्यू झाला असेल तर मार्ग वेगळा: अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या (यूएससीआयएस) संपर्क केंद्राला फोन करून त्यांच्या जवळच्या फील्ड ऑफिसात तातडीच्या एपीसाठी वेळ मागायची. सोबत डॉक्टरांचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला हवाच.

एपी हातात आलं तरी लगेच निघू नका. बायोमेट्रिक्स झालंय का? मुलाखतीची नोटीस आलीय का? न कळवता गैरहजर राहिलात तर याच कारणाने अर्ज नाकारला जातो. जास्तीचे पुरावे मागणारं पत्र आलं तर त्याची मुदतही तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून नवऱ्याने रोज टपाल आणि ऑनलाइन खातं बघावं, आणि सहल दोन-तीन आठवड्यांची ठेवावी. दोन महिने माहेरी राहायचा बेत मला या काळात धोक्याचा वाटतो.

परतताना तुम्ही 'परोल'वर आत येता, एफ-1 वर नाही. सेकंडरी, म्हणजे जास्तीच्या, तपासणीच्या खोलीत बसवतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढचं विमान असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा. खरा परिणाम पुढे होतो: एफ-1 चा आधार गेलेला असतो, म्हणून ओपीटीवर (एफ-1 वाल्यांना शिक्षणाशी निगडित कामाची मिळणारी परवानगी) काम करत असाल तर परतल्यावर आय-485 वर मिळालेलं वर्क परमिट लागेल. एपी म्हणजे प्रवेशाची हमीही नाही, शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा. तुम्ही बाहेर असताना आय-485 नाकारला गेला तर एपीचाही उपयोग उरत नाही.

अमेरिकेत राहण्याची परवानगी संपल्यावर 180 दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्यांनी इथे वेगळा विचार करावा. देश सोडल्यावर एरवी 3 किंवा 10 वर्षांची बंदी लागते. अराबली-येराबेली या इमिग्रेशन खटल्याच्या 2012 च्या निकालाने एपीवरचा प्रवास त्यासाठी 'देश सोडणं' धरला जात नाही. पण हद्दपारीचा आदेश असेल, पूर्वी अटक झाली असेल किंवा चोरून सीमा ओलांडली असेल तर त्या निकालावर विसंबून तिकीट काढू नका, आधी इमिग्रेशन वकील गाठा.

एपीशिवाय कोणी निघून गेलंच असेल तरी आय-130 जिवंत राहतो, कारण तो अर्ज जोडीदाराचा असतो. मग केस वकिलातीच्या मार्गाने चालते आणि भारतातून अर्ज करणाऱ्यांची इमिग्रंट व्हिसाची मुलाखत साधारणपणे मुंबईत, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत होते. तोवर नवरा-बायको वेगवेगळ्या देशांत, आणि तेही कित्येक महिने.

तिकिटाचं शेवटी. परतावा मिळणारंच काढा. स्टॅम्प संपलेला असेल तर युरोपमार्गे जाण्याआधी त्या देशाचे ट्रान्झिटचे नियम वाचा. सवलत बऱ्याचदा वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्यांना असते, एपीच्या कागदावर नाही. थेट विमान किंवा दुबई-दोहा मार्ग सोपा. तिकिटावर पासपोर्टातलंच नाव हवं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि एपी सासरच्या नावाचं असेल तर मूळ विवाह प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत एपीचा मूळ कागद आणि आय-485 ची पावती. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर एपी न ओळखणारा कर्मचारी भेटू शकतो. तेव्हा वरिष्ठांना बोलवायला सांगा, आणि त्यासाठी विमानतळावर चार तास आधी पोहोचा.